एका गोळीचा हिशेब : कॅप्टन जेम्स फोर्सिथ

अकोले तालुक्यात प्रवरेच्या काठाने उसाचे फड दाटीने उभे असतात आणि त्या फडांत बिबटे राहतात, ही आता बातमी राहिलेली नाही. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे असल्याचे त्यातून दिसले. असा एखादा बिबट्या गोठ्यात किंवा घरात अडकला, की वनखात्याच्या पथकाबरोबर आलेल्या पशुवैद्याला प्रथम दोन अंदाज बांधावे लागतात. जनावर किती वजनाचे आहे आणि ते किती अंतरावर आहे. वजनावरून भुलीच्या औषधाची मात्रा ठरते, अंतरावरून बंदुकीतील दाब ठरतो. दाब कमी पडला तर सुई कातडीत रुतत नाही; जास्त झाला तर ती सुईच जनावराला घायाळ करते. औषध अपुरे पडले तर अर्धवट गुंगीतला बिबट्या जमलेल्या घोळक्यात शिरतो, आणि मग जे होते त्याचे वर्णन वर्तमानपत्रांतून पुष्कळदा येऊन गेले आहे.

जनावराचे वजन, अंतर आणि नळीत भरायचा जोर यांचा हा मेळ आपल्या भूमीत शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचा खटाटोप सुमारे 160 वर्षांपूर्वी एका तरुण अधिकाऱ्याने केला होता. त्याचा हेतू जनावर वाचवण्याचा नव्हता, ते मारण्याचा होता. त्याचे नाव कॅप्टन जेम्स फोर्सिथ. पचमढीला जाणाऱ्या मराठी प्रवाशांना हे नाव तेथील मार्गदर्शकांच्या तोंडून ऐकून ठाऊक असते. सातपुड्याच्या जंगलांवर वाचणाऱ्यांना ते त्याच्या ग्रंथामुळे ठाऊक असते. पण बंदुकीत कोणता बार भरावा या एकाच प्रश्नावर त्याने एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते, हे फारसे कोणाला माहीत नाही. (इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत नगर जिल्ह्यातील अकोल्याचे स्पेलिंग वऱ्हाडातील अकोल्यासारखेच केलेले आढळते. फोर्सिथचा सातपुडा या दुसऱ्या अकोल्याच्या उत्तरेला आहे; वाचकांनी गल्लत करू नये.)

फोर्सिथचा जन्म 1838 सालचा. विद्यापीठाचे शिक्षण पुरे करून, एम. ए. ही पदवी घेऊन तो हिंदुस्थानात आला. बंगाल स्टाफ कोअरमधील हा लष्करी अधिकारी लवकरच जंगलखात्यात गेला. काळ मोठा उलथापालथीचा होता. नागपूरचे भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले होते, 1857 चा वणवा नुकताच विझला होता, आणि 1861 च्या अखेरीस नागपूर व सागर-नर्मदा हे प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची स्थापना झाली होती. नागपूर ही या प्रांताची राजधानी. नव्या सरकारला आपल्या ताब्यात आलेल्या डोंगराळ मुलखात नेमके काय आहे याची कल्पना नव्हती. सागवान किती, साल किती, वस्ती कोणाची, वाटा कोणत्या, हे पाहायला ज्यांना धाडण्यात आले त्यांत फोर्सिथ होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही झालेला नव्हता.

पचमढीचा शोध त्याने 1857 मध्ये लावला असे पर्यटनाच्या पुस्तिकांत छापलेले असते. त्याच्या स्वतःच्या लेखनानुसार तो जानेवारी 1862 मध्ये तेथे पोहोचला. शोध हा शब्दही जरा जपूनच वापरावा लागेल. महादेवाच्या डोंगरांत कोरकू आणि गोंड पिढ्यानपिढ्या राहत होते, चौरागडाची यात्रा भरत होती, आणि पदच्युत झालेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटल्यावर 1818 मध्ये याच डोंगरांच्या आसऱ्याला आले होते. फोर्सिथने तेथे वनखात्यासाठी एक बंगली बांधून घेतली. भोवतालच्या रानात गव्यांचे कळप होते. त्यांच्यावरून तिचे नाव बायसन लॉज असे पडले.

या गव्यांपाशीच बंदुकीचा प्रश्न सुरू होतो. पूर्ण वाढलेला गवा टनाच्या घरात जातो. त्याच्या खांद्याआड जाड हाड आणि त्याहून जाड मांस असते. वाघ त्या मानाने हलका, परंतु जखमी झाल्यावर तो पळून जाईलच असे नाही. हातात असायची ती ठासणीची बंदूक. शिंगड्यातून मापाने दारू नळीत ओतायची, तेल-मेणात भिजवलेल्या कापडाच्या चकतीत शिशाची गोळी गुंडाळायची, गजाने ती खाली दारूपर्यंत ठासायची, आणि मग बुडाशी टोपी चढवायची. ही टोपी ज्या शोधातून आली तो शोधही एका फोर्सिथचाच, पण तो स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ; त्याने 1807 मध्ये आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले. शिकारी बहुधा जोडनळीची बंदूक वापरत, कारण दोन बार झाल्यावर तिसरा भरायला लागणारा वेळ जनावर देत नसे. म्हणजे जे काही ठरवायचे ते आदल्या संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात गोळ्या ओतताना आणि दारू मोजतानाच ठरवून ठेवावे लागे.

आज काडतूस तयार मिळते आणि त्यावर आकडे छापलेले असतात. त्या काळी प्रत्येक शिकारी आपला बार आपणच जुळवी. गोळी शुद्ध शिशाची करावी की कथील वा पारा मिसळून कठीण करावी, ती गोल असावी की लांबट, दारू दोन मापे घ्यावी की चार, याविषयी जितकी माणसे तितकी मते होती. बहुतेक मते ऐकीव होती. एखाद्याचा वाघ एका बारात पडला की तो बार उत्तम ठरे. फोर्सिथला ही रीत पटली नाही. 1863 च्या सुमारास त्याने ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या एवढाच त्याचा विषय होता; शिकारकथा त्यात दुय्यम आणि हिशेब मुख्य होता.

तेव्हाचा वाद समजून घ्यायला हवा. क्रिमियाच्या युद्धापासून लष्करात लांबट गोळीची एनफिल्ड रायफल आली होती. तिच्या नळीच्या आतील आटे गोळीला फिरकी देत आणि ती आठशे-नऊशे यार्डांपर्यंत माणसाला लागू शके. साहजिकच शिकारीलाही हीच गोळी चांगली, अशी समजूत पसरली. बंदुका बनवणारे कारागीर नळी लहान आणि गोळी लांब करू लागले. फोर्सिथने विचारलेला प्रश्न साधा होता. दाट रानात आठशे यार्डांवर कोणते जनावर दिसते? सातपुड्यात बार टाकला जातो तो पन्नास, ऐंशी, फार तर शंभर-सव्वाशे यार्डांवरून. जनावर क्षणभर दिसते, तेही अर्धवट झाडोऱ्याआड. अंतर मोजून दर्शिका वरखाली करायला सवड कोठे असते?

येथे त्याने शाळेतल्या पदार्थविज्ञानाचा आधार घेतला. नळीतून सुटलेली गोळी त्याच क्षणापासून पडू लागते आणि किती पडते हे तिला लागलेल्या वेळावर अवलंबून असते. शंभर यार्ड जायला पाव सेकंद लागला तर ती सुमारे एक फूट खाली येते. एक तृतीयांश सेकंद लागला तर पावणेदोन फूट. सांबराच्या किंवा वाघाच्या छातीत मर्मस्थानाची जागा वीतभर असते. जड, लांबट आणि संथ गोळी वापरणाऱ्याचा अंतराचा अंदाज वीस-पंचवीस यार्डांनी चुकला, तर गोळी फुप्फुसाऐवजी पायात किंवा पोटात जाते. वेगवान गोळीला हा दोष कमी. म्हणून वेग हवा, आणि वेगासाठी दारू भरपूर हवी.

पण भरपूर दारू भरली की दुसरी अडचण उभी राहते. लांबट गोळी स्थिर राहावी म्हणून तिला जोराची फिरकी द्यावी लागते, म्हणजे नळीतले आटे घट्ट पिळाचे असावे लागतात. सैनिकी एनफिल्डमध्ये 78 इंचांत एक पूर्ण वेढा होता; व्हिटवर्थच्या सुप्रसिद्ध रायफलीत तर 20 इंचांतच एक. अशा पिळाच्या नळीत दारूचा जोर वाढवला की मऊ शिसे आट्यांची वाट सोडून सरळ सटकते आणि नेम बिघडतो. शिवाय जड गोळीमागे अधिक दारू म्हणजे खांद्याला बसणारा धक्काही मोठा. फोर्सिथने यातून जो मार्ग काढला तो त्या काळी मागासलेला वाटावा असा होता. त्याने गोल गोळीकडे परत जायला सांगितले. गोल गोळीला स्थिर राहण्यासाठी फिरकी नाममात्र पुरते. मग आट्यांचा पीळ अगदी सैल ठेवता येतो. त्याने सुचवलेला पीळ सुमारे 104 इंचांत एक वेढा एवढा मंद होता. शिकारी रायफलीची नळी त्याच्या निम्म्या लांबीचीही नसे. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत अर्धा वेढाही घेत नसे. आटे रुंद पण उथळ ठेवायचे, चकतीचे कापड त्यांना धरून राहते, आणि दारू मोकळ्या हाताने भरता येते.

उरला प्रश्न नळीच्या मापाचा. बंदुकीचे माप तेव्हा एका पौंड शिशातून त्या नळीच्या किती गोळ्या होतात यावरून सांगत. सोळा नंबरची गोळी 28 ग्रॅमहून थोडी अधिक, चौदा नंबरची साडेबत्तीस ग्रॅमच्या आसपास, बारा नंबरची जवळजवळ 38 ग्रॅम. गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास दीडपट केला की वजन तिपटीहून अधिक होते. तेव्हा फार लहान नळीची गोल गोळी निरुपयोगी, कारण ती हलकी असते आणि हवेत तिचा वेग लगेच मरतो. उलट टोकाला सर सॅम्युअल बेकर हे प्रख्यात प्रवासी होते. आफ्रिकेत हत्तींसाठी त्यांनी एक तोफवजा बंदूक नेली होती, तिची गोळी अर्ध्या पौंडाची. तिचा बार उडाला की बेकरांसारखा धिप्पाड माणूस भोवऱ्यासारखा गरगरत असे. फोर्सिथची पसंती मधल्या मापाला होती, साधारण चौदा नंबरच्या आसपास. दिवसभर डोंगर चढताना खांद्यावर वागवता येईल, काळविटापासून गव्यापर्यंत चालेल, आणि दुसरा बार तितक्याच शांतपणे टाकता येईल अशी ती बंदूक होती. दीडशे यार्डांपलीकडे ती लंगडी पडते हे त्याला ठाऊक होते. तेवढ्या लांबून जनावरावर गोळी टाकूच नये, असा त्यावरचा त्याचा सरळ निष्कर्ष होता.

हे सगळे वाचताना एक शंका मनात येते. कागदावर इतका हिशेब मांडायचा, तो कशासाठी? शिकाऱ्याच्या फुशारकीसाठी? उत्तर त्याच्या दुसऱ्या, अधिक गाजलेल्या ग्रंथात, ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’मध्ये, ठिकठिकाणी विखुरलेले आहे. गोळी चुकीच्या जागी बसलेला वाघ गवतात शिरतो. साहेब हत्तीवर असतो. माग काढायला पुढे चालतो तो अनवाणी गोंड किंवा कोरकू. हाकाऱ्याच्या रांगेत काठ्या आपटत येणारी माणसे आसपासच्या पाड्यांतली, चार आण्यांसाठी किंवा नुसत्या हुकुमाखातर आलेली असतात. आणि त्या दिवशी वाघ सापडला नाही तर साहेबाचा तळ दुसऱ्या दिवशी हलतो, तीन पायांवर चालणारा वाघ मात्र त्या पाड्यांशेजारीच राहतो. हरणाला गाठण्याची ताकद गेलेले जनावर गुरांवर येते, क्वचित माणसांवर. दारूचे एक माप कमी किंवा पीळ एक वेढा जास्त, याची किंमत कोण मोजत होते हे लक्षात घेतले म्हणजे त्या रुक्ष पुस्तकाचे मोल कळते. फोर्सिथने ते करुणेपोटी लिहिले असे म्हणणे धाडसाचे होईल. तो पक्का शिकारी होता आणि त्याने पुष्कळ जनावरे मारली. पण अर्धवट मारणे त्याला खपत नसे.

याच आग्रहातून तो एका वादग्रस्त वाटेवरही गेला. आघात होताच शरीरात फुटणारी गोळी त्याने स्वतः तयार केली. शिशाच्या गोळीच्या पोटात स्फोटक मिश्रण भरून ती साच्यात दाबून बंद करायची, अशी तिची रचना होती. त्याच्या नावाने ही गोळी शिकाऱ्यांत पुढे काही वर्षे ओळखली जात होती. वाघासारख्या पातळ कातडीच्या जनावरावर ती प्रभावी ठरे. जाड हाडाच्या जनावरावर ती वरच्यावर फुटून नुसती भयंकर जखम करण्याचा धोका असे. योगायोग असा, की 1868 च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपीय राष्ट्रांनी 400 ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असा करार केला. माणसाला जी क्रूर ठरली ती वाघाला चालत राहिली. या ठिकाणी फोर्सिथची हिशेबी बुद्धी त्याला थोडी पुढे घेऊन गेली, असे आज वाटते.

परंतु बंदुकीच्या दर्शिकेतूनच त्याने रान पाहिले असे नाही. वाघांचे त्याने तीन वर्ग केले : रानातील जनावरांवर जगणारे, गुरे उचलणारे आणि नरभक्षक. यांपैकी पहिल्या वर्गातील वाघ हरणे व डुकरे आटोक्यात ठेवून शेतकऱ्यावर उपकारच करतो, असे त्याने नमूद केले. वाघ मारण्याबद्दल सरकार बक्षिसे वाटत होते त्या काळातले हे मत आहे. पचमढीजवळ देनवा नदीच्या खोऱ्यात सालवृक्षांचा एक एकाकी पट्टा आहे. सालाचे सलग जंगल तेथून फार दूर, पूर्वेला. या एवढ्याशा पट्ट्यात सालवनाचेच सोबती असलेले बारशिंगे आणि तांबडे रानकोंबडे त्याला आढळले, आणि एका झाडाच्या सोबतीने प्राण्यांचा आख्खा गोतावळा कसा राहतो हे त्याने टिपून ठेवले. परिसरशास्त्र हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता.

1862 ते 1864 या काळात त्याने मध्य प्रांताच्या डोंगरी मुलखाची सारी फेरी पुरी केली. नर्मदेच्या उगमापाशी अमरकंटकपर्यंत, तेथून छत्तीसगडचे मैदान ओलांडून पलीकडच्या सालवनांपर्यंत तो गेला. वाटेत त्याने गोंडांची लिंगोगाथा ऐकली होती. नागपूरच्या मिशनचे स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या संहितेवरून त्याने तिचे इंग्रजी पद्यरूप केले आणि आपल्या ग्रंथात एक सबंध प्रकरण तिला दिले. हिस्लॉप 1863 मध्ये नागपूरजवळ एका नाल्याच्या पुरात बुडून वारले होते. गोंडांविषयी फोर्सिथला आपुलकी होती, परंतु त्यांच्या डोंगरउतारावरील दह्या शेतीविषयी राग होता. झाडे तोडून, जाळून, राखेत बी फेकण्याची ही पद्धत रान संपवते असे जंगलखात्याचे मत होते, आणि तो त्या खात्याचा माणूस होता. रेल्वेच्या स्लीपरांसाठी ठेकेदारांनी सागाची केलेली बेसुमार कत्तलही त्याने पाहिली आणि नोंदली. तरीही नियमांचा फास आवळला गेला तो मुख्यतः डोंगरातल्या माणसाभोवती. ज्या मागकाढ्यांच्या भरवशावर त्याची प्रत्येक शिकार झाली, त्यांचीच रानातली वहिवाट पुढे गुन्हा ठरत गेली. हा विरोधाभास त्याला कितपत जाणवला हे त्याच्या लेखनातून फारसे उमगत नाही.

पुढे फोर्सिथ निमाड जिल्ह्याचा जमाबंदी अधिकारी आणि डेप्युटी कमिशनर झाला. खानदेशाला लागून असलेला हा मुलूख, बऱ्हाणपूर आणि अशीरगड पोटात घेणारा. येथे बंदुकीपेक्षा साखळी आणि खातेवही यांच्याशीच त्याचा संबंध अधिक आला. दरम्यान 1867 मध्ये त्याच्या रायफलीवरील पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. मागून काडतूस घालायच्या बंदुका तोवर बाजारात येऊ लागल्या होत्या आणि शिंगडे, गज, कापडाची चकती यांचे दिवस भरत आले होते. 1870 मध्ये तो आपल्या मोठ्या ग्रंथाच्या छपाईची व्यवस्था लावण्यासाठी विलायतेला गेला. 1 मे 1871 रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. त्याला पस्तिशीही गाठता आली नव्हती. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ त्याच वर्षी बाहेर पडले. छापील प्रत त्याने पाहिली नाही.

त्याच्या गोल गोळीचा पराभव लवकरच झाला. हलकी लांबट गोळी आणि तिच्यामागे भरपूर दारू अशी एक्स्प्रेस रायफल लोकप्रिय झाली. तिच्यात वेगाचा त्याचा आग्रह राहिला, गोळीचा आकार तेवढा बदलला. 1890 नंतर बिनधुराची दारू आली, शिशावर तांब्या-निकेलचे कवच आले आणि नळीचे माप उतरत गेले. 1912 मध्ये हॉलंड अँड हॉलंडने काढलेले .375 मॅग्नम हे काडतूस मध्यम नळीच्या शिकारी रायफलीचे जणू प्रमाण ठरले. त्याची गोळी 300 ग्रेन, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आतबाहेर. फोर्सिथच्या चौदा नंबरी गोळीच्या तीन-पंचमांश. आफ्रिकेत आणि अमेरिकेत आजही स्वतःची काडतुसे स्वतः भरणारे शिकारी गोळीचे वजन, दारूचे ग्रेन आणि आट्यांचा पीळ यांची जुळणी करत बसतात. ठासणीच्या बंदुका हौसेने बनवणारे काही कारागीर तर 104 इंची मंद पिळाला अजून फोर्सिथच्याच नावाने ओळखतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते पर्व मिटले.

पचमढीची बायसन लॉज मात्र उभी आहे. सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या वनखात्याने तिच्यात संग्रहालय मांडले असून तेथे या डोंगरांतली झाडे, प्राणी आणि माणसे यांची माहिती पाहायला मिळते.